'उसळलं की स्टिक पुढे ढकला' म्हणे! टेलव्हील विमानाच्या फॉरवर्डला उत्तर

धावपट्टीवर गर्रकन फिरून पंख घासत थांबलेल्या छोट्या विमानाचा व्हिडिओ सध्या विदर्भातल्या ग्रुपांवर फिरतोय. सोबत कुणा 'जाणकाराचं' ज्ञान: शेपटीचं टायर फुटलं म्हणून विमान फिरलं, पायलटनं टेकताच करकचून ब्रेक मारायला हवा होता, उसळलं तर स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) पुढे ढकलून बसवायचं, आणि अशी टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली चाक असलेली, विमानं आपल्या देशात कधी नव्हतीच. गोंदियाजवळ बिरसीला विमान शिकणाऱ्या भाच्यानं 'मामा, असंच असते का?' विचारलं. आता लिहिणं आलं.

सगळ्यात घातक मुद्दा उसळीचा, म्हणून आधी तो. मुख्य चाकं जोरात टेकली की वजन मागे असल्यानं शेपूट खाली जाते, पंखांचा हवेशी कोन वाढतो, आणि वेग शिल्लक असला तर विमान पुन्हा उचललं जातं. ही उसळी टायरपेक्षा पंखांची जास्त. त्यात स्टिक पुढे ढकलली की चाकं आणखी जोरात आपटतात आणि पुढची उसळी त्याहून मोठी. पायलटचा हात दरवेळी क्षणभर उशिराच हलतो. दोन-तीन आपट्यांत प्रोपेलर जमिनीला लागतो. मग पातं बदलून भागत नाही, इंजिन खोलून तपासावं लागतं. उसळी छोटी असेल तर नाक आहे तसंच धरा, थोडी पॉवर द्या, बसू द्या. मोठी असेल तर फुल थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद) आणि गो-अराउंड, म्हणजे पुन्हा वर जाऊन नव्यानं उतरायचं. व्हील लँडिंगमध्ये, म्हणजे शेपूट वर ठेवून आधी मुख्य चाकांवर उतरताना, चाकं अलगद टेकल्यावर स्टिक किंचित पुढे घेतात, हे खरं. बहुतेक तेच अर्धवट ऐकलेलं दिसतंय. पण ते चाकं जमिनीवर असताना, बाप्पा!

अमेरिकेत 61.31 या नियमानुसार टेलव्हील उडवायला वेगळं प्रशिक्षण आणि लॉगबुकात प्रशिक्षकाची सही लागते. त्यात साधं आणि क्रॉसविंडमधलं (आडव्या वाऱ्यातलं) टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग, गो-अराउंड. 'ढकलून बसवणं' त्या यादीत नाही.

करकचून ब्रेक? गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या जरासाच मागे आणि बराच वर. ब्रेक जोरात लागला की शेपूट उचलते, नाक जमिनीत. पावसाळ्यात गवती पट्टीच्या कडेची काळी माती हेच काम ब्रेकशिवाय करते. थ्री-पॉइंट, म्हणजे तिन्ही चाकं एकदम, टेकल्यावर स्टिक पूर्ण पोटाशी, दिशा रडरनं (पायाच्या पेडलनं हलणारी शेपटीची उभी फळी), ब्रेक शेवटी आणि हलके.

टायरचं म्हणाल तर शेपटीचाकाच्या ढिल्या स्प्रिंगा किंवा टायरमधली कमी-जास्त हवा त्रास देते, एवढं मान्य. पण फिरण्याचं मूळ कारण गुरुत्वमध्य मागे असणं. ट्रॉली रिव्हर्स घेताना जरा वाकडी झाली की वाकडीच होत जाते, तसं इथे नाक जरा वळलं की मागचं वजन ते वळण वाढवतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आडवा वारा शेपटीला ढकलून सुरुवात करून देतो, आणि वेग उतरला की रडरची ताकदही उतरते. म्हणून एलेरॉन (पंखांच्या टोकाकडच्या हलत्या फळ्या) वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यायचं आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय पेडलवर जिवंत ठेवायचे. नाकाखाली चाक असलेलं विमान अशा चुका पुष्कळ माफ करतं, हेही खरं.

'आपल्या देशात नव्हतीच'? आजच्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) पूर्वीच्या कंपनीचं पुष्पक 1958 साली पहिल्यांदा उडालं. फ्लाइंग क्लबांतली कितीतरी पोरं त्यावरच शिकली. त्याचंही चाक शेपटीलाच.