‘एक करदाता’ यांना उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

नमस्कार.

नाव लावायचं नसलं की ‘एक करदाता’ म्हणून यायचं अशी नवीन रीत दिसतेय. ठीक आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी तासगावकडच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं, घरची तीन एकर द्राक्षबाग, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, अकरावी-बारावीला माझ्याकडे होता आणि आता नंबर थिअरीत, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गणितात, पीएचडी करतोय. त्यावर यांनी लिहिलंय, ‘सर, लेख छान भावनिक आहे. पण प्युअर मॅथ्समधलं संशोधन हा भरल्या पोटाचा शौक आहे. आरएसएचं साल चुकलंय. या पाच वर्षांत घर कोण चालवतंय आणि त्याची बहीण बारावीनंतर घरी का बसली तेही लिहायचं होतं. आणि आम्हा करदात्यांच्या पैशाचा हिशोब कधी देणार?’

आधी साल. आरएसए म्हणजे संदेश गुप्त करून पाठवायची पद्धत, रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती १९७७ मध्ये काढली, माझ्याकडून १९८७ टाइप झालं. चूक माझी, दुरुस्त केलीये, आभार. चूक दाखवली की मान्य करतो मी, तसला इगो आपल्याला नाही.

आता ते ‘सर’. वीस-बावीस वर्षं पोरं मला सर म्हणतायत, त्यामुळे कुठलं सर मनापासूनचं आणि कुठलं मागच्या बाकावरून आलेलं ते मला कळतं. आणि ‘छान भावनिक’ म्हणजे काय हो? छान म्हणायचंय का भावनिक म्हणायचंय ते एकदा ठरवा.

पण खरं डोकं फिरलं ते ‘भरल्या पोटाचा शौक’ वाचून. शौक म्हणजे शर्यतीचा बैल पाळणं. माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीच्या सौद्यात ज्या पट्ट्या, म्हणजे हिशोबाच्या पावत्या, चुकायच्या, शाईचा डाग पडायचा, त्या ते घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचो. बोट फिरवलं की बोट पिवळं व्हायचं, आई म्हणायची हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नको. एमएस्सीपर्यंत माझ्याकडे विकतची रफ वही नव्हती. हे भरलं पोट का? पुढे सीएचबीवर शिकवलं, म्हणजे तासाला पैसे, सुट्टी पडली की पैसे नाहीत, मे महिन्यात तर विषयच नाही, आणि बिल कधी निघेल ते देवाला ठाऊक. परमनंट व्हायला एका संस्थेत जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहा अर्धा ठेवून उठलो. पीएचडी अकरा वर्षं चालली. संध्याकाळी सीईटीचे क्लास, रात्री मूळ संख्या. या सगळ्यात कुणापुढे हात पसरला नाही, बायको झेडपीच्या शाळेत होती, कवठेमहांकाळच्या बाजूला, सकाळी सहा चाळीसची एसटी पकडायची, तिच्या पगारात घर भागत होतं. तेव्हा मला शौक शिकवू नका.

(आणि नंबर थिअरी म्हटल्यावर ‘गाडीचा नंबर लकी आहे का बघा’ म्हणणारे वेगळेच. त्यांना कधी उत्तर देत नाही, तुम्हाला देतोय हे लक्षात घ्या.)

बरं, पुण्यात सदाशिव पेठेत रूम आणि मेस लावून पाच-सहा वर्षं एमपीएससी करणारी किती पोरं आपल्या जिल्ह्यातली आहेत? वडील जनावर विकतात, आई बचत गटातून उचल घेते, जागा निघतात मूठभर आणि तिसाव्या वर्षी पोरगं गावी परत. त्याला कुणी शौक म्हणत नाही, त्याला म्हणतात पोरगा अभ्यास करतोय. आमचा हा तासगावचा पोरगा तर नेट परीक्षा काढून जेआरएफवर, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपवर आहे, १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, घरातून एक पैसा जात नाही. लॅब नको, केमिकल नको, कागद आणि फळा. याच्याहून स्वस्त संशोधन असेल तर दाखवा.

हिशोब म्हणालात ना, घ्या. १९१२ मध्ये रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर क्लार्क होता. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्याला महिना ७५ रुपये स्कॉलरशिप दिली, हातात डिग्री नसताना. तेव्हाही कुणीतरी करदाता कुरकुरलाच असेल. तो १९२० मध्ये गेला, बत्तिसाव्या वर्षी. त्याच्या बायकोने, जानकीअम्मांनी, पुढे शिवणकाम करून दिवस काढले हे मला माहीत आहे, पण तो वेगळा विषय झाला.

तुमच्या घरातलं कुणी मिरजेला सीटी स्कॅनला गेलंच असेल, सांगलीत राहून मिरज चुकत नाही. वडिलांच्या वेळी मी त्या बाकड्यावर तीन तास बसलो होतो आणि मनात एकच, की आतल्या मशीनमागचं गणित योहान राडॉन या गणितज्ञाने १९१७ मध्ये कागदावर मांडलं, आरपार गेलेल्या रेषांवरून आतलं चित्र परत कसं उभं करायचं ते, आणि पहिला पेशंट स्कॅन झाला १९७१ मध्ये. चोपन्न वर्षं. तुम्ही गुगल करून सांगाल की सीटी स्कॅनची कल्पना मांडणाऱ्या कॉरमॅकला राडॉनचा पेपर माहीतच नव्हता, त्याने साठच्या दशकात सगळं नव्याने काढलं. खरंय. पण त्यालाही गणितच काढावं लागलं ना, का तुमचं टॅक्सचं चलन जोडून मशीन चालू झालं? आमच्या हरिपूरला पेवात हळद ठेवायचे, जमिनीखाली, भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं, कुणी रोज झाकण उघडून बघायचं नाही. गणिताचंही तसंच. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं हेही मला माहीत आहे, ते सांगायची तसदी घेऊ नका. आणि ज्या साइटवर तुम्ही रिटर्न भरून करदाता होता ना, तिच्या पत्त्याशेजारचं ते बारकं कुलूप नीट बघा, तुमची माहिती गुप्त जाते याची ती खूण, आणि त्यामागे आरएसएसारख्या पद्धती असतात. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये एका पत्रात लिहिलेला मूळ संख्यांचा नियम आरएसएच्या मुळाशी आहे, तेव्हा कुणाच्या मनात बँकही नव्हती.

राहिला बहिणीचा मुद्दा. लेख तिच्यावर नव्हता. प्रत्येक घराच्या अडचणी असतात, चव्हाट्यावर मांडायच्या नसतात, आणि मला वाटतं ती स्वतःच्या मर्जीने बागेचं बघते, द्राक्ष काढणीला माणसं लावते, बेदाण्याच्या शेडचा हिशोबही तिच्याकडेच आहे. हुशार आहे पोरगी. दहावीला गणितात त्याच्यापेक्षा चार मार्क जास्तच होते तिला. यावर पुन्हा कधीतरी.

प्रतिक्रिया बंद करत नाहीये, पण पुढच्या वेळी नाव लावून या.

ता. क. बायकोने आत्ता वाचलं. म्हणाली अकरा नाही, तेरा वर्षं, आणि एसटी सहा वीसची होती. वर तसंच ठेवलंय.