या व्ह्यूखाली नक्की दडलंय कोण?

परत तेच! टेबलातला एक फालतू कॉलम काढायला गेलं की पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) अडून बसतं: यावर व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, जतन केलेली क्वेरी) अवलंबून आहे. वर फुकटचा सल्ला, कॅस्केड वापरा. म्हणजे तो व्ह्यू, त्याच्यावरचा व्ह्यू, सगळंच उडवा आणि मग रिपोर्ट कुठे गेला म्हणून अकाउंट्सवाल्यांचे फोन झेला.

बरं, आधीच बघून ठेवावं म्हटलं की या व्ह्यूखाली टेबलं कुठली, तर इन्फर्मेशन स्कीमात (डेटाबेस स्वतःचीच माहिती ठेवतो तिथे) 'व्ह्यू_टेबल_यूसेज' आहे. नाव अगदी हवं तेच. पण दाखवतं फक्त आपल्या रोलच्या (डेटाबेसमधल्या खात्याच्या) मालकीची टेबलं! बाकीची गुपचूप गायब. एरर नाही, इशारा नाही. अर्धी यादी पूर्ण समजून माणूस निवांत.

मग जा 'पीजी_डिपेंड'च्या (कशावर काय अवलंबून आहे त्या नोंदवहीच्या) दारात. तिथे टेबलांशी नातं व्ह्यूचं नाहीच, त्याच्यामागच्या रूलचं (ज्यात व्ह्यूची क्वेरी साठवलेली असते) नोंदलेलं. म्हणून मध्ये 'पीजी_रीराइट' हे रूल्सचं टेबल जोडा. खाली टेबलाऐवजी आणखी एक व्ह्यू निघाला (निघतोच) की रिकर्सिव्ह क्वेरी (स्वतःलाच परत परत वापरत खाली उतरणारी) लिहा. साधा प्रश्न विचारला होता हो!

त्यात कुणा महाभागाने व्ह्यूत पीएल/पीजीएसक्यूएलचं (पोस्टग्रेसच्या प्रोग्रामिंग भाषेतलं) फंक्शन घुसवलेलं असलं की आटोपलंच. त्याच्या पोटातली टेबलं कुठेच नोंदत नाहीत. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसनेसुद्धा 8.0.13 आवृत्तीपासून सरळ यादी दिली, आणि आम्ही इथे 'व्ही_फायनल_नवा_2' नावाचा व्ह्यू उघडून फ्रॉम आणि जॉइन (ज्यांच्यापुढे टेबलांची नावं येतात) बोटाने मोजतोय.