पिक्चर येणार म्हणतात, देव पाण्यात घाला

तर तुमच्या आवडत्या गोष्टीवर ब्रिटिश साय-फाय पिक्चर येतोय अशी बातमी आलीये आणि तुम्ही खूश झालायत. इथेच चुकलं. खूश व्हायचं नसतं हो. बातमी वाचून एक मोठा सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, "बघू आता काय वाट लावतात ते." तारीख यायच्या आधी, नटांची नावं यायच्या आधी हे म्हणून झालं पाहिजे, नंतर काय कुणीही म्हणतं.

वाट बघणं नीट शिकायचं असेल तर 'द हिचहायकर्स गाईड टू द गॅलेक्सी'वाल्यांचे पाय धरा, त्यांच्यापुढे बाकीचे सगळे बालवाडीत. ८ मार्च १९७८ ला बुधवारी रात्री साडेदहाच्या सुमारास, म्हणजे निम्मं इंग्लंड झोपायला निघालेलं असताना, बीबीसी रेडिओ ४ वर डग्लस अ‍ॅडम्सची ही श्रुतिका सुरू झाली. हायवे काढायचाय म्हणून पृथ्वीच पाडून टाकतात आणि आर्थर डेंट नावाचा एक गरीब बिचारा माणूस ड्रेसिंग गाऊनवरच अंतराळात जाऊन पडतो, ती गोष्ट. पुढच्या वर्षी पुस्तक, १९८१ ला टीव्हीवर सहा भाग, आणि १९८२ ला पिक्चरचे हक्क हॉलिवूडकडे. हक्क गेले म्हणजे पिक्चर आलाच असं तेव्हा लोकांना वाटलं. आला की, २००५ ला. तेवीस वर्षं! तेवढ्यात माणसाचं लग्न होऊन पोरगं कॉलेजला जातं.

आणि गंमत बघा, पहिल्या फेरीत निर्माता इव्हान राइटमन होता, तो मध्येच 'घोस्टबस्टर्स' काढून मोकळा झाला, हा पिक्चर आपला जागच्या जागी. अ‍ॅडम्स स्वतः पटकथा लिहितोय, पुन्हा लिहितोय, शेवटी घरदार उचलून कॅलिफोर्नियाला राहायला गेला. हॉलिवूडमध्ये पिक्चर काढायचा म्हणजे मटणाचा तुकडा भाजायचाय आणि त्यासाठी एकेक माणूस खोलीत येऊन त्यावर श्वास सोडून जातोय, अशा अर्थाचं तो म्हणायचा. ११ मे २००१ ला हार्ट अटॅकनं गेला, ४९ वर्षांचा. पिक्चर त्यानं पाहिलाच नाही. इथे उपरोध वगैरे काही सुचत नाही, पुढे जाऊ.

आता मुख्य काम. नटांची यादी आली की नाक मुरडायचं, आणि ते भूतकाळाचा दाखला देऊन मुरडायचं. मार्टिन फ्रीमन आर्थर? ठीके, पण रेडिओ-टीव्हीवरच्या आर्थरची, सायमन जोन्सची सर नाही. आर्थरचा दोस्त फोर्ड, त्याच्या रोलला मॉस डेफ? अहो तो अमेरिकन आहे! (फोर्ड हा बीटलज्यूस ताऱ्याजवळच्या कुठल्यातरी ग्रहावरचा आहे, इंग्लंडचा नाहीच, पण हे वाक्य चर्चेत आणू नका, सगळी मजा जाते.) मार्व्हिन रोबोला आवाज अ‍ॅलन रिकमनचा, यावर काय बोलणार, आयुष्याला कंटाळलेला आवाज त्याच्याइतका कुणाकडे होता? मग डोक्याच्या आकारावर बोला. टीव्हीवरचा मार्व्हिन चौकोनी होता, यांनी भोपळा केलाय.

गोष्टीतला गॅलेक्सीचा अध्यक्ष झेफॉड, त्याचं दुसरं डोकं तर सोडूच नका. रेडिओवर डोकं फुकट होतं, दोन डोकी आहेत म्हणून सांगितलं की झालं. टीव्हीवर मात्र ते खरंखुरं बनवावं लागलं, तर ते यंत्राचं डोकं सारखं बिघडायचं आणि नटाच्या खांद्यावर आदल्या रात्री लग्नात जागलेल्या काकांसारखं लुळं पडून राहायचं. पिक्चरमध्ये ते पहिल्या डोक्याच्या खाली, हनुवटीपाशी लपवलं. यावर तुम्ही हळहळून म्हणायचं, "टीव्हीच्या डोक्यात जीव होता." वीस वर्षं ज्या डोक्याला हसलात त्याच डोक्यासाठी डोळ्यात पाणी आणता आलं की समजा तयारी झाली.

मग सर्वात जड वाक्य टाकायचं: "मूळ गोष्टीशी इमान राखलं पाहिजे." बोलून गप्प बसायचं. कारण समोरच्यानं विचारलं की मूळ कुठली, तर पंचाईत आहे. रेडिओत ही मंडळी विश्वाच्या टोकावरच्या हॉटेलातून यान पळवतात ते एका सतत आकार बदलणाऱ्या अ‍ॅडमिरलचं निघतं, आणि अ‍ॅडमिरलसाहेब यानातच खुर्ची होऊन बसलेले असतात. पुस्तकात तेच यान एका कानठळ्या बसवणाऱ्या रॉक बँडचं आहे आणि सूर्यात घालायला काढलेलंय. रेडिओचा तो भाग अ‍ॅडम्सनं आपल्या मित्राबरोबर, जॉन लॉइडबरोबर मिळून लिहिला होता, म्हणून पुस्तक लिहिताना स्वतःच उचलून बाजूला ठेवला. म्हणजे या गृहस्थानं आपली गोष्ट दर वेळी नव्यानं मोडून बांधली, आणि तुम्ही त्याच्या वतीनं पहारा देताय की काना-मात्रा हलता कामा नये. द्या, द्या, कुणीतरी दिलाच पाहिजे.

यात एक खड्डा आहे, सांभाळून. पिक्चरमध्ये जॉन माल्कोविचचं एक नवंच पात्र घुसलंय, हुमा कवुला म्हणून, आणि एक बंदूकसुद्धा, जी मारली की समोरच्याला तुमचं म्हणणं पटतं. पुस्तकात या दोन्ही गोष्टी नाहीत. पाहिल्या पाहिल्या म्हणा, "हे हॉलिवूडचं पाप!" पण मोठ्यानं नको, कारण दोन्ही अ‍ॅडम्सनंच पिक्चरसाठी रचलेल्या आहेत.

२८ एप्रिल २००५ ला इंग्लंडात पिक्चर लागला तेव्हा मी रेडिंगला होतो, आमचा एक नाशिकचा रूममेट सकाळपासून टॉवेल शोधत होता, कारण गोष्टीत टॉवेलाशिवाय अंतराळात जाणं म्हणजे मूर्खपणा. मी म्हटलं, अरे पंचा घे, हलका पडतो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी सत्यनारायणाच्या प्रसादाला नावं ठेवलीयत. शेवटी खांद्यावर मरून रंगाचा नवाकोरा टॉवेल टाकून गेला, वाटेत पाऊस, रंग सुटला, पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत ओघळ. रांगेत दोनजण ड्रेसिंग गाऊनमध्ये होते, त्यांनी याला मान लववून जागा दिली. पिक्चरभर हा संवाद अर्धा सेकंद आधी पुटपुटत होता आणि संवाद वेगळा निघाला की माझ्या मांडीवर चापट मारत होता. पिक्चरमधल्या एका परग्रहावरच्या रांगेत टीव्हीचा जुना मार्व्हिन पाठीमागे उभा दिसला तेव्हा मात्र चापट मारायला उचललेला हात तसाच राहिला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "वाट लावली रे." आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढायला खिडकीकडे गेला.

हां, शेवटी पात्रं त्या विश्वाच्या टोकावरच्या हॉटेलाकडे निघतात, म्हणजे दुसरा भाग येणार असं वाटतं. तो काही आला नाही. पण रूममेटची त्यातल्या नटांबद्दल तक्रार तयार आहे.