दीड फुटात दोन जोड्या? बजीच्या पिंजऱ्याचं माप असं ठरत नाही

बजी पाळायला निघालेल्या माणसाच्या मोबाइलवर आज ना उद्या एक सल्ला येऊन पडतो. थोड्याफार फरकाने तो असा असतो: ‘बजी, म्हणजे बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात ते, एवढेसे पक्षी. दीड बाय दीडच्या पिंजऱ्यात दोन जोड्या आरामात राहतात. जागा कमी असेल तर उंच पिंजरा घ्या. पिंजरा लहान असला की जोडी लवकर लागते, अंडीही लवकर येतात. मडकी टांगा. एक-दोन माद्या जास्त ठेवा, पिल्लं जास्त मिळतील. पंख छाटले तर जागेचा प्रश्नच उरत नाही.’

यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची पिल्लांच्या जिवावर उठतात.

‘दीड फुटात दोन जोड्या आरामात’

चोचीपासून शेपटीपर्यंत बजी सुमारे १८ सेंमी भरतो, वजन ३० ते ४० ग्रॅम. हे आकडे बघून पिंजरा घेतला की फसगत होते, कारण मोजायचे असतात उघडे पंख, आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे एक फूट असतात. १८ इंचांच्या पिंजऱ्यात अंडी घालण्यासाठीची ६ इंच खोलीची पेटी आतून टांगली की १२ इंच उरतात. तेवढ्यात पक्षी पंख पसरू शकतो, उडू शकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात दाण्यापाण्याच्या शोधात थव्याने लांब लांब जाणारा हा पक्षी अशा पिंजऱ्यात दांडीवरून दांडीवर नुसत्या उड्या मारत राहतो.

खरी गोम पुढे आहे. माप जोडीला पुरतं की नाही हे जोडी आणल्या दिवशी कळत नाही, पिल्लं पेटीबाहेर पडतात तेव्हा कळतं. मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. अंडं उबवायला साधारण १८ दिवस लागतात आणि पिल्लंही मागेपुढे निघतात, म्हणून थोरल्या-धाकट्यात आठ-दहा दिवसांचं अंतर पडू शकतं. ३० ते ३५ दिवसांचं पिल्लू बाहेर पडतं, पण स्वतः नीट दाणे फोडायला त्याला सहा आठवडे तरी लागतात. थोडक्यात, पहिलं अंडं पडल्यापासून दोन महिन्यांत एका जोडीचे सहा ते आठ पक्षी होतात आणि दोन जोड्यांचे बारा ते सोळा.

नेमक्या याच दिवसांत मादी पुढची अंडी घालायला लागते, कित्येकदा धाकटं पिल्लू पेटीतच असताना. बाहेर पडलेली पिल्लं सवयीने पुन्हा आत घुसतात. अंडी बरबटतात, तडकतात. मग मादी त्यांना हुसकावते, मानेची-पाठीची पिसं उपटते, कधी रक्त काढते. जागा असेल तर पिल्लू दुसऱ्या टोकाला जाऊन बापाकडून भरवून घेतं. दीड फुटात दुसरं टोकच नसतं.

म्हणून मापं अशी धरा. नुसती जोडी पाळायची, अंडी घ्यायची नाहीत, तर कमीत कमी ३० इंच लांब, १८ इंच खोल, १८ इंच उंच. आणि रोज थोडा वेळ पंखा बंद, खिडक्या लावलेल्या खोलीत मोकळं सोडायचं. सोडणं जमणार नसेल तर लांबी ३६ इंचांच्या पुढे. एका जोडीची पिल्लं काढायची तरी हाच ३० इंची पिंजरा चालेल, पण पेटी बाहेरून लावायची आणि स्वतः खायला लागलेल्या पिल्लांसाठी ३६ ते ४८ इंचांचा दुसरा पिंजरा पेटी लावण्याआधी तयार ठेवायचा. काही जुने ब्रीडर २४ × १६ × १६ मध्ये जोडी लावतात हे खरं आहे. पण ते वीण संपली की पक्षी परत उडायच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडतात, आणि हा भाग त्या सल्ल्यात येत नाही.

‘उंच पिंजरा घ्या’

बजी आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही. १५ × १५ × ३६ इंचांचा पिंजरा उभा ठेवला काय आणि आडवा ठेवला काय, जाळी तेवढीच लागते. आडव्यात तीन फुटांची झेप मिळते, उभ्यात सव्वा फुटाची. शिवाय उभ्या पिंजऱ्यात सगळेच पक्षी वरच्या दांडीसाठी भांडतात, वरचे खालच्यांच्या अंगावर घाण टाकतात आणि खालची जागा रिकामी पडते. गोल पिंजरा तर नकोच.

दांड्या दोनच पुरतात, दोन टोकांना, मधली वाट मोकळी ठेवून. पेरूची किंवा कडुनिंबाची फवारा न मारलेली फांदी घ्या, जाडी १२ ते १५ मिमी. ती घट्ट बसवा: दांडी हलत असेल तर मीलन नीट होत नाही आणि अंडी फोल जातात. लोक मात्र नराला दोष देऊन नर बदलतात.

‘लहान पिंजऱ्यात अंडी लवकर’

हे ते अर्धं खरं. लहान पिंजऱ्यात दोघांना एकमेकांशिवाय पर्याय नसतो, त्यामुळे कधी कधी जोडी पटकन जमल्यासारखी दिसते. पण बजीला वीण सुचते ती अंधारी पोकळी, भरपूर दाणा, पुरेसा उजेड आणि आसपास इतर बजींचा आवाज यांमुळे. पेटी काढून घेतली की बहुतेक जोड्या थंडावतात, पिंजरा कितीही अरुंद असो. उलट मोठ्या पिंजऱ्यातली धडधाकट, दहा-बारा महिन्यांची मादी पेटी लावल्यावर काही दिवसांतच आत कुरतडायला लागते.

अरुंद पिंजऱ्याची किंमत मादी भरते. उडणं नाही आणि वाटीभर कांगणी-बाजरी कायम समोर, म्हणून ती चरबी धरते. त्यात कॅल्शियम कमी पडलं की अंडं अडतं. अशी मादी पिसं फुलवून तळाशी बसते, शेपूट वरखाली हलत राहते, कुंथते पण काही बाहेर पडत नाही. अशा वेळी तिला ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब द्या आणि तातडीने पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पोट दाबून अंडं काढायचा ‘घरगुती उपाय’ करू नका. अंडं आत फुटलं तर मादी दगावते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्यात बारा महिने लटकवलेला हवा, आणि लागोपाठ दोन विणींनंतर पेटी काढून मादीला काही महिने विश्रांती.

‘मडकी टांगा’

मडक्यात पिल्लं होतात, वाद नाही. पण बाजारात मिळणारी बरीच मडकी इतकी लहान असतात की पाच पिल्लं एकमेकांवर चढून बसतात. आत डोकावता येत नाही, मेलेलं पिल्लू तसंच राहतं, धुणं अवघड. तळ गुळगुळीत आणि खाली काहीच नाही, मग पिल्लांचे पाय बाजूला फाकतात आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर तसेच राहतात.

प्लायची पेटी ९ इंच लांब, ६ रुंद, ६ ते ७ उंच करा. एका टोकाला वरच्या बाजूस दीड इंचाचं भोक. दुसऱ्या टोकाला तळाच्या फळीत चार इंच व्यासाचा, अर्धा इंच खोल खळगा, म्हणजे आत उडी घेणारी मादी अंड्यांवर पडत नाही. वरचं झाकण बिजागरीचं. सुताराच्या रंध्यातून निघणारा, रसायन न लावलेल्या लाकडाचा जाड कीस आत मूठभर घाला. करवतीचा बारीक भुसा नको, तो नाकात जातो. पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात जाळीला दोन इंचांची खिडकी कापून कडा कानसीने घासा आणि पेटी बाहेरून हुकांवर लावा. आतली जागा वाचते आणि पक्ष्यांना न छेडता रोज झाकण उघडून बघता येतं.

‘माद्या जास्त ठेवा’

पेटीवरून मारामाऱ्या माद्या करतात, नर फारसे नाहीत. जोडीदार नसलेली मादी दुसरीच्या पेटीत घुसते, अंडी फोडते, पिल्लं मारते. एका पिंजऱ्यात जोड्यांचा समूह ठेवायचा असेल तर नर-मादी समसमान, जोड्या निदान तीन, पेट्या जोड्यांच्या दुप्पट आणि सगळ्या एकाच उंचीवर. वेगवेगळ्या उंचीवर लावल्या की सगळ्या जणी सर्वांत वरच्या पेटीवर तुटून पडतात. चार जोड्यांना ६ फूट लांब, ३ फूट खोल, ५ फूट उंच यापेक्षा कमी जागा आम्ही सुचवणार नाही. वीण सुरू झाल्यावर त्यात नवा पक्षी सोडायचा नाही. नर-मादी ओळखताना मोठ्या पक्ष्याच्या नाकपुड्यांभोवतीचा भाग बघा: नराचा निळा, मादीचा तपकिरी. पांढऱ्या आणि पिवळ्या, लाल डोळ्यांच्या नरांत तो गुलाबी-जांभळा राहतो, आणि तिथेच ‘दोन माद्या’ समजून घोटाळे होतात.

‘पंख छाटले की जागा लागत नाही’

पंख छाटलेला नर मादीच्या पाठीवर तोल सांभाळू शकत नाही, अंडी फोल. पिल्लं काढायची असतील तर एवढं कारण पुरे.

सल्ल्यात जाळीचा उल्लेखच नाही, तो हवा होता. दोन तारांमधलं अंतर अर्धा इंच, त्याहून जास्त नको. देशी पोपटांच्या मापाचे जे पिंजरे मिळतात त्यांच्या तारांत बजीचं डोकं अडकतं (आणि देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तसंही बेकायदा आहे, बजी त्यात येत नाही). जस्ताचा मुलामा दिलेली नवी वेल्डमेश (तारा जोडून केलेली जाळी) असेल तर व्हिनेगरने घासून, धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा, कारण बजी जाळी चावतो आणि जस्त पोटात जातं. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला हवी, दुपारचं ऊन थेट नको, आणि स्वयंपाकघर तर नकोच: नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पेट्या काढून ठेवा. पावसाळ्यात तळाच्या ट्रेमधला ओला कोंडा रोज टाका, त्याला बुरशी लगेच धरते.

‘एवढ्याशा पक्ष्याला कसला कायदा’ असं म्हणणाऱ्यांसाठी: हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे क्रूरताच ठरतं, आणि त्यात पक्षीही येतात.

घरात दीड फुटी पिंजरा आधीच आणलेला असेल तर तो भंगारात देऊ नका. नवा पक्षी ३० दिवस वेगळा ठेवायला, आजाऱ्याला उबेत ठेवायला किंवा डॉक्टरकडे न्यायला तो अगदी योग्य मापाचा आहे.