येस्टिन हॅरिस आणि परतीचा शब्द: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

तुम्ही वेळ काढून मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच द्यायला हवं. येस्टिन हॅरिस या रग्बीपटूच्या प्रकरणात मी लीड्स या त्याच्या जुन्या क्लबच्या बाजूने लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लीड्सने २००१ मध्ये खेळाडू सोडला, त्याचे पैसे घेतले, आणि तरी त्याला दावणीला बांधून ठेवलं. हीच वेठबिगारी. झहीर खानच्या निकालाच्या कसोटीवर असं कलम भारतात एक दिवस टिकलं नसतं. शिवाय २००४ मध्ये हॅरिसशिवाय लीड्स विजेते झाले, मग त्यांचं नुकसान काय झालं? आणि शेवटी, हेडिंग्लेच्या, म्हणजे लीड्सच्या मैदानाच्या, प्रेमापोटी मी डोळे मिटून लिहिलं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी हकिकत सांगतो. हा रग्बी लीगचा मामला आहे, म्हणजे तेरा खेळाडूंच्या संघाचा, उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींच्या गावांत वाढलेला खेळ. पंधरा जणांची रग्बी युनियन वेगळी. येस्टिन हॅरिस हा लीड्सचा हिरा होता. १९९८ मध्ये ‘मॅन ऑफ स्टील’, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, १९९९ मध्ये कर्णधार म्हणून वेम्बलीवर चॅलेंज कप ही स्पर्धा जिंकली. २००१ मध्ये वेल्श रग्बी युनियनने त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजली आणि तो युनियन खेळायला कार्डिफला गेला. जाताना लीड्सशी लेखी ठरलं, की रग्बी लीगमध्ये परतायचं झालं तर पहिला हक्क लीड्सचा. २००४ मध्ये तो परतला, पण सही केली ब्रॅडफर्ड बुल्सशी. लीड्सपासून पंधरा किलोमीटरवरचं गाव, आणि त्या काळातले लीड्सचे सगळ्यात कट्टर प्रतिस्पर्धी. लीड्सने हॅरिस आणि ब्रॅडफर्ड दोघांवर दावा लावला. २००५ च्या जुलैत लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला, की तो लेखी शब्द बंधनकारक आहे आणि व्यवसायावर अवाजवी बंधन घालणारा नाही. पुढे रकमेचा प्रश्न दोन्ही क्लबांनी कोर्टाबाहेर मिटवला.

आता वेठबिगारीचं. तुमचा राग मला कळतो, कारण या खेळाचा इतिहासच तसा आहे. हा खेळ जन्मला तोच मजुरीच्या भांडणातून. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब एकत्र बसले आणि जुन्या संघटनेतून बाहेर पडले, कारण शनिवारी सामन्यासाठी गिरणी किंवा खाण बुडवणाऱ्या माणसाला बुडालेला रोज द्यायलाही ती संघटना तयार नव्हती. पण पैसे मिळाले म्हणून खेळाडू मोकळा झाला नाही. ऑस्ट्रेलियात डेनिस टटी नावाचा बाल्मेनचा खेळाडू होता. करार संपला, तरी क्लबने त्याचं नाव राखीव यादीत ठेवलं. ते यादीत असेपर्यंत तो दुसरीकडे खेळू शकत नव्हता. तो हटला नाही. १९६९ चा पूर्ण हंगाम त्याने घरी बसून काढला, आणि त्याच वर्षी बाल्मेनने अंतिम सामना जिंकला. ज्या विजेतेपदासाठी माणूस आयुष्यभर खेळतो ते त्याच्या सहकाऱ्यांच्या हातात, आणि हा बाहेर, कारण तो हक्कासाठी भांडत होता. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायासनाने ती राखीव यादीची पद्धत बेकायदा ठरवली. टटीबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. वेठबिगारी म्हणायची तर त्याच्यावर जे लादलं होतं त्याला म्हणावं.

म्हणूनच हॅरिसला त्याच शब्दात बसवणं मला खटकतं. टटीचा करार संपला होता. हॅरिसचा चालू होता. २००१ मध्ये त्याला कार्डिफला जायचं होतं, आणि लीड्स सरळ ‘नाही’ म्हणू शकत होते. कराराची मुदत पुरी कर, मग जा, एवढं म्हणून त्यांचं भागलं असतं. त्यांनी मधेच सोडचिठ्ठी दिली ती दोन गोष्टींच्या बदल्यात: रोख पैसे, आणि परतीचा शब्द. तुम्ही पहिली गोष्ट धरता आणि म्हणता पैसे मिळाले, विषय संपला. पण त्या वर्षी रक्कम ठरली ती हा शब्द धरून ठरली. शब्द नसता तर लीड्सने रक्कम वाढवून मागितली असती किंवा खेळाडू सोडलाच नसता. बेरजेतला एक आकडा पुसायचा आणि उरलेल्याला एकूण म्हणायचं, असं नाही करता येत.

आणि हॅरिसला त्या सोडचिठ्ठीतून काय मिळालं हेही बघा. कार्डिफकडून ग्लासगोविरुद्धच्या सामन्यात त्याने एकट्याने ३१ गुण केले, काही आठवड्यांत वेल्सच्या राष्ट्रीय संघात गेला, २००३ चा युनियनचा विश्वचषक खेळला. त्याआधी २००० मध्ये लीगच्या विश्वचषकात वेल्सचा कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात एका टप्प्यावर २०-८ अशी आघाडी घेणारा हाच. शेवटी तो सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, पण त्या दिवशी ऑस्ट्रेलियाला घाम फुटलेला पाहिलेली माणसं अजून त्यावर बोलतात. एवढ्या ताकदीच्या खेळाडूला दुसऱ्या खेळात जाऊन नशीब अजमावता आलं, कारण लीड्सने दार उघडलं.

झहीर खानचा निकाल तुमचं मुख्य शस्त्र आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. श्रीरामपूरचा हा डावखुरा गोलंदाज नुकताच भारताकडून खेळायला लागला होता, तेव्हा २००० मध्ये त्याने परसेप्ट डी मार्क या कंपनीशी जाहिरातींच्या कामासाठी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम होतं: मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर ती आधी आम्हाला दाखव, आम्ही तेवढंच दिलं तर आमच्याकडेच राहा. मुदत संपल्यावर झहीरने दुसरी कंपनी धरली. मुंबई उच्च न्यायालयात आधी एकलपीठाने कंपनीच्या बाजूने मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल कायम केला. भारतीय करार कायद्याचं कलम २७ मुदतीनंतरच्या बंधनाला थारा देत नाही. ते बंधन वाजवी आहे का, हा प्रश्नही तिथे उद्भवत नाही. वाजवीपणा तपासायचा हा इंग्लंडचा रिवाज.

निकाल योग्यच आहे. पण त्या निकालाचा सगळा भार ‘मुदत संपल्यावर’ या एका गोष्टीवर आहे. झहीरने तीन वर्षं पुरी केली होती. कंपनीला जे देणं होतं ते देऊन तो मोकळा झाला होता. हॅरिसने देणं पुरं केलं नव्हतं. उरलेल्या देण्याच्या जागी त्याने परतीचा शब्द ठेवला.

मला तर हॅरिसच्या जवळचा खटला दुसराच वाटतो, आणि तो तुम्हाला कॉलेजात नक्की शिकवला असेल: १९६७ चा गोलीकरी खटला. सेंच्युरी कंपनीचा कल्याणचा टायर कॉर्डचा कारखाना. तिथे एक मराठी माणूस पाच वर्षांच्या करारावर लागला, कंपनीने त्याला काम शिकवलं, आणि मुदत पुरी व्हायच्या आत तो जास्त पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कराराची मुदत चालू असताना दुसऱ्याकडे न जाण्याचं बंधन हे कलम २७ मध्ये येत नाही, आणि त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. कल्याण आणि कोटा यांच्या जागी लीड्स आणि ब्रॅडफर्ड ठेवून पाहा. चित्र झहीरपेक्षा इथे जास्त जुळतं. पूर्ण जुळत नाही, कारण मधे कार्डिफची तीन वर्षं आहेत. पण ती वर्षं हॅरिसने मागून घेतली होती.

त्यात एक फरक आहे, तो हॅरिसच्या बाजूचा आहे आणि तुम्ही तो लक्षात घेतलेला नाही. कल्याणच्या माणसाला कोट्यात काम करायला मनाई झाली. हॅरिसला खेळायला कुणीही मनाई केली नाही. तो २००४ पासून ब्रॅडफर्डकडून खेळत राहिला. ग्रेसाहेबांचा निकाल लागला जुलैत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रँड फायनल, म्हणजे लीगचा विजेता ठरवणारा सामना, झाली ती नेमकी लीड्स विरुद्ध ब्रॅडफर्ड. ब्रॅडफर्ड १५-६ जिंकले. त्यातला पंधरावा गुण म्हणजे हॅरिसचा ड्रॉप गोल: चालत्या खेळात चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच खांबांवरून मारलेली लाथ. ज्या क्लबने त्याच्याविरुद्ध तीन महिन्यांपूर्वी निकाल मिळवला होता, त्याच क्लबच्या विजेतेपदाच्या आशेवर त्याने शेवटचा घाव घातला. दावणीला बांधलेला माणूस असा खेळत नाही. लीड्स मागत होते ते फक्त नुकसानभरपाईचे पैसे.

नुकसान काय, हे तुम्ही विचारता, आणि २००४ चं विजेतेपद दाखवता. खरं आहे, त्या वर्षी लीड्सने ब्रॅडफर्डला १६-८ हरवून १९७२ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. केव्हिन सिनफील्ड कर्णधार, निर्णायक ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) डॅनी मॅग्वायरची. पण एका वर्षीच्या यशाने करार मोडल्याचा हिशेब कसा चुकता होतो? पुढच्याच वर्षी काय झालं ते वर लिहिलंच आहे. तोच हॅरिस लीड्सकडे असता तर काय, हे सांगता येत नाही. पण तो ब्रॅडफर्डकडे असल्याने काय झालं ते ओल्ड ट्रॅफर्डच्या गुणफलकावर आहे. शिवाय या खेळात पगारावर मर्यादा असते. क्लबला मोजक्या पैशात संघ बांधावा लागतो, म्हणून कोण येणार, कोण येऊ शकतो, याची आगाऊ खात्री हीच तिथली मालमत्ता.

माझा खरा रोष मात्र हॅरिसवर नाही, हे मूळ लेखातही होतं. तो आहे ब्रॅडफर्डच्या तेव्हाच्या कारभाऱ्यांवर. दुसऱ्याच्या कराराखालचा माणूस फोडला तर फोडणाराही जबाबदार, हे इंग्लंडच्या कोर्टात १८५३ पासून ठरलेलं आहे. योहाना वाग्नर नावाची गायिका होती. लंडनच्या एका नाट्यगृहाचा चालक लम्ली याच्याशी तिचा करार, आणि कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाचा चालक फ्रेडरिक गाय याने जास्त पैसे देऊन तिला वळवलं. कोर्ट म्हणालं, असा दावा गायवर चालू शकतो. पुढे ज्यूरीसमोर गाय सुटला, कारण जुना करार तिला बांधील नाही असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. ब्रॅडफर्डला तसं वाटण्याला किती जागा होती? लीड्सचा हक्क काय आहे याचा गाजावाजा यॉर्कशरभर होता. शंका असती तर आधी लीड्सच्या दारात जाऊन रक्कम ठरवता आली असती. पंधरा किलोमीटरचा तर रस्ता. त्यांनी सही आधी केली आणि वकील नंतर उभे केले.

त्याचं बिल कुणी भरलं? ब्रॅडफर्डचा क्लब २०१२ मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेला, २०१४ मध्ये पुन्हा, आणि २०१७ च्या जानेवारीत बरखास्त झाला. नवी कंपनी, तेच नाव, खालच्या विभागात गुण कापून सुरुवात. हे सगळं हॅरिसच्या खटल्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, कुणी म्हणू नये. कारणं अनेक होती. पण तो खटला आणि ती तडजोड ज्या कारभाराने अंगावर ओढून घेतली, त्या कारभाराची किंमत ऑड्सलच्या, म्हणजे ब्रॅडफर्डच्या मैदानाच्या, पायऱ्यांवर पावसात उभं राहणाऱ्या लोकांनी चुकवली. त्यातले कितीतरी जण माझ्या-तुमच्यासारखे पगारदार. क्लब वाचावा म्हणून त्यांनी खिशातून पैसे दिले. खेळाडूंच्या हक्कांबद्दल बोलताना ही माणसं मला विसरता येत नाहीत.

हेडिंग्लेच्या प्रेमाबद्दल: आहे, आणि लपवायचं कारण नाही. १९८६ मध्ये वेंगसरकरने तिथे ६१ आणि नाबाद १०२ केले, १९९२ मध्ये यॉर्कशरने आपला पहिला परदेशी खेळाडू म्हणून सचिनला घेतलं, तेव्हापासून ते नाव मराठी घरांत आहे. त्या क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून लीड्सचं रग्बीचं मैदान उभं आहे, आणि माझी या खेळाची ओळख तिथूनच झाली. पण हेच उलट घडलं असतं, म्हणजे ब्रॅडफर्डला शब्द दिलेला माणूस लीड्सने असा फोडला असता, तरी मी हेच लिहिलं असतं.

तुमच्या प्रतिक्रियेतला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर आपलं एकमत होईल. परतीच्या कलमाला मुदत हवी, आणि पगाराचा किमान आकडा आधी ठरलेला हवा. नाहीतर क्लब हक्क सांगून खेळाडूला पडेल भावात घेईल, नाहीतर नुसता अडवून ठेवेल. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची, त्यातलं एक वर्ष वाया जाणं म्हणजे काय हे टटीला विचारावं. असं कलम लिहिताना खेळाडूचा स्वतःचा वकील समोर असायलाच हवा.

आता तुम्हाला एक विनंती. आपल्याकडे कबड्डी, फुटबॉल, क्रिकेट सगळीकडे लिलाव आणि करार आले आहेत, आणि मुदतीच्या मधेच सोडचिठ्ठी मागणारे खेळाडूही येणार. मधेच सोडताना घेतलेला परतीचा शब्द कलम २७ खाली येतो का, यावर मुंबई किंवा दुसऱ्या कुठल्या उच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या पाहण्यात असेल तर खाली लिहा. झहीर आणि गोलीकरी यांच्या मधला तो निकाल मला वाचायचा आहे, तो माझ्या विरुद्ध गेला असला तरी.