मिठाला किती दिवस शिव्या घालायच्या?

आमच्या दादाची बीपीची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या, मग तीन. घरातला जो तो त्याच्या ताटातल्या शेंगाचटणीकडे बोट दाखवायचा. मीही. नऊ वर्षं. "आता अळणी भाकरी खाऊ का बे?" म्हणायचा, आणि खायचाही. आकडा 160 च्या खाली उतरायचं नाव घेईना.

रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा माणूस, त्यात सोलापूरचा मे महिना. घामानं होतंय, असं सगळ्यांनी धरलं. जुन्या फायलीत पोटॅशियमचा एकच रिपोर्ट सापडला, 3.1, म्हणजे कमीच. खाली पेनानं लिहिलेलं, "नारळपाणी." बास.

नव्या डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न, "ज्येष्ठमध चघळता का?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या हार्मोनला निकामी करणारं एक एन्झाइम असतं, ज्येष्ठमध नेमकं त्यालाच अडवतं. मग मोकाट सुटलेलं कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचं काम करू लागतं: मीठ धरून ठेवायचं, पोटॅशियम बाहेर घालवायचं, बीपी चढवायचं. घसा बसला की महिनोन् महिने ज्येष्ठमध तोंडात धरणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा. दादा मात्र तंबाखूवाला, ते भांडण वेगळं.

मग अल्डोस्टेरॉनची, आणि ते सोडायचा हुकूम ज्याच्यामुळं सुटतो त्या रेनिनची तपासणी झाली. रेनिन जवळजवळ नाहीच, अल्डोस्टेरॉन भरपूर. एरवी मीठ जास्त झालं की शरीर अल्डोस्टेरॉनचा नळ बंद करतं. दादाच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा नळ चालूच. गावात नळाला रोज पाणी नाही, आणि याच्या अंगात चोवीस तास सप्लाय!

याचं नाव प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम. हा काही कालपरवा सापडलेला रोग नाही. अमेरिकेत जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यांची रुग्ण 34 वर्षांची बाई होती. तिलाही स्नायूंचे गोळे, कमी पोटॅशियम आणि बीपी. तिथल्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे हार्मोनवाल्या डॉक्टरांच्या संघटनेनं, तर 2025 मध्ये बीपीच्या सगळ्याच रुग्णांची ही तपासणी करावी असं सुचवलंय. आमच्याकडे तीन गोळ्या चालू असूनही नऊ वर्षांत कुणाला सुचलं नाही, याचा मला राग आहे. पोटॅशियम नॉर्मल म्हणजे सुटलो, असंही नाही; या आजाराच्या कितीतरी रुग्णांचं ते नॉर्मलच असतं. मीठ कमी करायचंच, त्यात वाद नाही. पण सगळं खापर त्याच्यावर फोडलं की पुढं कुणी बघतच नाही.

सीटीत त्या ग्रंथींवर गाठ दिसली नाही, म्हणून स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी, सुरू केली. दोन महिन्यांत बीपी 134, गोळे बंद. मग एका रात्री दादानं मला गच्चीवर नेलं आणि हळूच म्हणाला, "छाती दुखतीय बे, बायकांसारखी फुगल्यागत वाटतीय. बाईंना कसं सांगू?" शेवटी मीच फोन केला. बाई म्हणाल्या, याच गोळीनं होतं, दुसरी देते. दादा तेवढा वेळ पाठ करून टाकीतलं पाणी बघत उभा होता.