कब्बाला, मडोना आणि लाल दोरा: फिरत्या मेसेजला एका ख्रिस्ती वाचकाचं उत्तर

वीस वर्षांपूर्वीची लाट, पण मेसेजला मरण नसतं. मडोना, डेमी मूर, ब्रिटनी स्पिअर्स या अमेरिकी गायिका-अभिनेत्रींच्या मनगटावरच्या लाल दोऱ्याचे फोटो आणि खाली मजकूर. त्याचा सारांश असा: या सगळ्यांच्या यशामागे कब्बाला ही ज्यूंची हजारो वर्षांची गुप्तविद्या आहे. येशू स्वतः तीच शिकला होता, चर्चने ते दडवलं. हा धर्म नाही, विज्ञान आहे. तेव्हा ख्रिस्ती माणसानेही लाल दोरा बांधावा, दृष्ट लागत नाही. आमच्या मंडळीतल्या दोन-तीन जणांनी हा मेसेज मोठ्या श्रद्धेने पुढे ढकलला, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी येशूचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्या नावावर खपवलं जातंय. कब्बालाचा मुख्य ग्रंथ झोहर. तो दुसऱ्या शतकातले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, शिमोन बार योखाई यांच्या नावावर आहे. पण लोकांच्या हाती तो आला तेराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनच्या कास्तील प्रांतात, मोशे दे लेओन नावाच्या ज्यू पंडिताकडून. आपण प्राचीन पोथीवरून नकला करून देतो, असं तो सांगायचा. १३०५ मध्ये तो वारला आणि घरच्यांची परवड झाली. तेव्हा आव्हिला गावच्या एका धनिकाच्या बायकोने त्याच्या विधवेला निरोप धाडला: तुझी मुलगी माझ्या मुलाला करून घेते, हुंडा नको, फक्त ती मूळ पोथी दे. विधवेने शपथेवर सांगितलं की अशी पोथी कधी नव्हतीच, नवरा स्वतःच्या डोक्यातून लिहायचा. स्वतःच्या नावावर लिहिलं तर कोण पैसे देणार, असं त्याचं म्हणणं होतं म्हणे. ही हकीकत लिहून ठेवणारा अक्कोचा इसहाक हा स्वतः ज्यू, आणि कब्बालाचाच अभ्यासक. विसाव्या शतकात जेरुसलेमच्या गेर्शोम शोलेम यांनी ग्रंथ बारकाईने तपासून त्याचं मोठं श्रेय दे लेओनलाच दिलं. पुढच्या अभ्यासकांना वाटतं की लिहिणारा एकटा नसावा, एक मंडळच असावं. काही असो, गालीलातल्या सुताराच्या मुलाने तेराव्या शतकातला ग्रंथ वाचला असणं शक्य नाही.

यावर कोणी म्हणेल, ग्रंथ नंतरचा, पण विद्या जुनी. यात तथ्य आहे. यहेज्केलाने पाहिलेल्या रथाच्या दर्शनावर खोल चिंतन करणारे ज्यू पहिल्या शतकाच्या आसपास होते, आणि त्यांच्या शिकवण्यावर मिश्ना या जुन्या ज्यू नियमग्रंथात कडक मर्यादा घातलेल्या आहेत. पण मुख्य याजकासमोर उभं असताना येशू काय म्हणाला ते योहान १८:२० मध्ये वाचा. मी जगासमोर उघडपणे बोललो, सभास्थानात आणि मंदिरात शिकवलं, गुप्तपणे काही बोललो नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात शिष्यांना राज्याचं रहस्य दिल्याचा उल्लेख आहे खरा, पण त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की झाकलेलं आहे ते प्रकट व्हावं म्हणूनच. पौलाला तर तिसऱ्या स्वर्गापर्यंतचा अनुभव आला होता. करिंथकरांना लिहिताना त्याने तो जेमतेम तीन-चार ओळींत गुंडाळला, ऐकलेले शब्द माणसाने बोलायचे नाहीत असं म्हणाला आणि लगेच आपल्या दुर्बलतेवर आला. या अनुभवावर त्याने शिकवणीचे वर्ग काढले नाहीत.

आता ‘धर्म नाही, विज्ञान आहे’ हा दावा. ही भाषा ज्यू परंपरेची नाही, कब्बाला सेंटर या संस्थेची आहे. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेले फिलिप बर्ग यांनी १९६० च्या दशकात ही संस्था उभी केली. ते रब्बी होते, आणि संस्था काढण्याआधी विमा विकत होते. पत्नी कॅरन यांच्यासह त्यांनी कब्बालाची दारं सर्वांना उघडली: बाईमाणूस, तरुण, ज्यू नसलेला, कोणीही या. लॉस एंजेलिसला केंद्र आलं आणि चित्रपटवाले आले. कॅथलिक घरात वाढलेल्या मडोनाने २००४ मध्ये एस्थर हे हिब्रू नाव घेतलं. झोहर ज्या अरामी भाषेत आहे ती येत नसली तरी ओळींवरून नुसती नजर फिरवली की लाभ होतो, असं तिथे शिकवतात.

हे वाचून जुन्या पठडीतला रब्बी कपाळाला हात लावेल. तालमुद या ज्यू धर्मग्रंथात चौघा विद्वानांची गोष्ट आहे, गूढाच्या बागेत शिरलेल्यांची. एक मेला, एकाला वेड लागलं, एकाने श्रद्धा सोडली, एकटा अकिवा सुखरूप परतला. सतराव्या शतकात शब्बताई झ्वी नावाच्या माणसाने कब्बालाच्या जोरावर स्वतःला मसीहा म्हणवलं, अर्धं ज्यू जग त्याच्यामागे गेलं आणि १६६६ मध्ये सुलतानापुढे त्याने धर्मच बदलला. त्याच्या नावाने पुढेही पंथ निघत राहिले. त्यांचा धसका घेऊन १७५६ मध्ये ब्रोडी गावच्या रब्बींनी निर्बंध घातला: तिशीच्या आत झोहर नाही, चाळिशीच्या आत आयझॅक लुरिया या कब्बालाच्या सोळाव्या शतकातल्या गुरूची शिकवण नाही. तोरा म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, आणि आज्ञापालन यांत मुरलेल्या माणसासाठी ही विद्या होती. ती मूळं तोडून जे उरलं, त्याला विज्ञान म्हणायची सोय झाली.

ख्रिस्ती माणसाची हरकत आणखी पुढची आहे. देवाच्या बहात्तर नावांचं उदाहरण घ्या. निर्गम १४ मधली १९ ते २१ ही तीन वचनं, हिब्रूत प्रत्येकात ७२ अक्षरं. पहिलं सरळ, दुसरं उलटं, तिसरं पुन्हा सरळ असं एकाखाली एक लिहायचं की तीन-तीन अक्षरांचे ७२ गट पडतात. रचना म्हणून थक्क करणारी गोष्ट, आणि मध्ययुगीन ज्यू भाष्यकारांना त्यात देवाची महती दिसली असेल तर त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पण सेंटरच्या पुस्तकांत हे गट उपाय होऊन बसतात: हा गट चिंतेवर, तो समृद्धीसाठी. आता तोच अध्याय थोडा वर जाऊन वाचा. समोर समुद्र, मागे फारोचं सैन्य, लोक घाबरलेले. मोशे त्यांना काय सांगतो? भिऊ नका, स्थिर उभे राहा आणि परमेश्वर आज तुमचं तारण करील ते पाहा. समुद्र दुभंगला तो कोणी अक्षरं नीट जुळवली म्हणून नव्हे.

इफिसात स्किवाच्या सात मुलांनी हेच केलं होतं. पौलाच्या येशूचं नाव त्यांनी मंत्रासारखं वापरून पाहिलं. भूत म्हणालं, येशू माहीत आहे, पौल माहीत आहे, तुम्ही कोण? मग त्या सातांची जी दैना झाली ती प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये आहे. उघडे आणि घायाळ होऊन पळाले बिचारे. आणि आपणही जपून बोलावं, कारण येशूच्या रक्ताचं नाव तेलाच्या बाटलीवर छापून विकणारे आपल्यातही आहेत.

राहिला सिताऱ्यांच्या यशाचा पुरावा. मडोना १९८० च्या दशकातच जगप्रसिद्ध झाली, कब्बालाकडे वळली ती १९९० च्या उत्तरार्धात. ब्रिटनीने २००६ मध्ये जाहीर केलं की आता कब्बालाचा अभ्यास बंद, मूल हाच माझा धर्म. त्यांचे घटस्फोट मोजणारेही भेटतात. ते मोजू नयेत, आपल्या मंडळ्यांची वही उघडली तर पंचाईत होईल.

लाल दोऱ्याला झोहरात आधार सापडत नाही. बेथलेहेमजवळ राहेलच्या कबरीला दोरा गुंडाळून तो मनगटी बांधायची लोकरीत आहे. सेंटरने तोच दोरा सुमारे २६ डॉलरला विकला. गंमत म्हणजे तोसेफ्ता या जुन्या ज्यू ग्रंथात बोटाला लाल दोरा बांधणं हे परक्यांचे रिवाज म्हणून नापसंत केलेल्यांच्या यादीत येतं. म्हणजे ज्याला ज्यू गुप्तविद्या म्हणून मिरवायचं, त्यावर ज्यू शास्त्राचाच आक्षेप. पण हसण्याआधी आपल्या घरात बघावं. बाप्तिस्मा झालेल्या बाळाच्या पायात काळा दोरा आणि गालावर तीट मी किती घरांत पाहिलीय. “राहू दे, आजीचं मन राखायला,” असं उत्तर येतं. आजीचं मन राखा, पण मग मडोनाला नावं ठेवू नका. बाळाला राखणारा कोण, याचं उत्तर बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळ्यांसमोर दिलेलं असतं.

या मेसेजवर जी उत्तरं आली त्यांतलं एक मूळ मेसेजपेक्षा वाईट होतं: कब्बाला म्हणजे सैतानाची पूजा आणि हा ज्यूंचा जगावर राज्य करण्याचा कट. हे खोटं आहे आणि ख्रिस्ती तोंडी तर शोभतच नाही. कब्बाला सेंटरवर सगळ्यात कठोर टीका ज्यू रब्बींनीच केली. आणि कब्बाला ज्यूंच्या घराबाहेर काढण्यात ख्रिस्ती पंडितही होते. इटलीतल्या पिको देल्ला मिरांदोलाने १४८६ मध्ये मांडलेल्या ९०० प्रमेयांत कब्बालाने ख्रिस्ताचं देवत्व सिद्ध होतं असाही दावा होता. पुढच्या वर्षी पोपने त्या प्रमेयांवर बंदी घातली. जर्मनीतला योहान्नेस रॉइखलिन त्याच वाटेचा. त्याची कब्बालावरची मतं मला पटत नाहीत. पण ज्यूंची पुस्तकं जप्त करून नष्ट करा अशी मोहीम उठली, तेव्हा १५१० मध्ये सम्राटाला याच माणसाने लिहून दिलं की असं करू नका, आणि त्यापायी वर्षानुवर्षं खटला झेलला.

मराठी ख्रिस्ती माणसाला ज्यू शोधायला हॉलिवूडला जावं लागत नाही. अलिबागकडच्या बेने इस्राएलांना गावकरी शनिवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने त्यांना हिब्रू शिकता यावी म्हणून मराठीतून व्याकरण लिहिलं. त्यांचा धर्म शब्बाथ, शमा ही प्रार्थना आणि एलीया संदेष्ट्याच्या नावाने होणारा मलिदा यांत नांदला. लॉस एंजेलिसच्या दोऱ्याचा जाब त्यांना विचारायचं काहीही कारण नाही.